पडलेले विमान

(रेडिओच्या लहरींच्या साहाय्याने छोटे विमान उडवणे हा एक आनंददायक छंद आहे. असे विमान पडले, मोडले, तर ते पुन्हा उडण्याजोगे कसे करावे, याची माहिती या पाठात दिली आहे. मोडलेली वस्तू जोडण्याआधी ती का मोडली हे शोधावे लागते. त्या शोधात लेखकाला काय सापडले, ते वाचा.)

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही पतंग उडवला असेलच. पतंग फाटला की तुम्ही भाताची चार शिते घेता, कागदाचा तुकडा घेता आणि फाटलेली जागा चिकटवता. असा चिकटवलेला पतंग कधी छान उडतो, तर कधी एकाच अंगाला कलतो. तो का कलतो, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का? हा प्रश्न मनात ठेवा. पाठाच्या शेवटी त्याचे उत्तर तुमचे तुम्हांलाच सापडेल.

मी मालेगावात राहतो. आमच्या गावात यंत्रमागांचा खडखडाट दिवसरात्र चालू असतो. शाळेत मी विज्ञान शिकवतो. आमच्या विज्ञान मंडळाकडे एक छोटे विमान होते. ते दुकानातले खेळणे नव्हते. त्याच्या पंखांची लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १४० सेंटिमीटर आणि वजन १३०० ग्रॅम होते. ते बाल्सा नावाच्या लाकडाचे होते. बाल्साचे झाड मध्य आणि दक्षिण अमेरिकेत वाढते. त्याचे लाकूड इतके हलके असते, की हाताएवढी फळी उचलली तरी हातात काही आहे असे वाटत नाही.

या विमानाचे पंख आतून पोकळ असतात. आपल्या छातीत फासळ्या असतात, तशा लाकडाच्या पातळ फासळ्या पंखात ओळीने बसवलेल्या असतात. पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पट्टी जाते. ती पंखाचा कणा होय. या सांगाड्यावर प्लास्टिकचे पातळ आवरण इस्त्रीने ताणून बसवतात. विमानाच्या नाकात विजेची मोटर आणि प्रोपेलर असतो. धडात बॅटरी असते, रेडिओचा संदेश घेणारा रिसीव्हर असतो आणि सर्व्हो नावाच्या छोट्या मोटरी असतात. जमिनीवर उभा असलेला माणूस हातातल्या ट्रान्समीटरची दांडी हलवतो. तो संदेश रिसीव्हरला मिळतो, सर्व्हो फिरतात आणि पंखाच्या व शेपटीच्या हलत्या पट्ट्या वरखाली होतात. त्यामुळे विमान वळते, चढते किंवा उतरते.

एका रविवारी सकाळी आम्ही गावाबाहेर, बाजरीची कापणी झालेल्या एका मोकळ्या शेतात गेलो. शेतमालकाची परवानगी आम्ही आधीच घेतली होती. विमान मी स्वतः उडवले. ते पुरेशा उंचीवर गेल्यावर मी नववीतल्या एका विद्यार्थ्याच्या हाती ट्रान्समीटर दिला. त्याने महिनाभर संगणकावर सराव केला होता. त्याने अगदी हळू दांडी ओढली. एवढ्यात विमानाचे नाक वर गेले. ते खाली यायला तयार होईना. मी ट्रान्समीटर घेण्यासाठी हात पुढे केला, पण उशीर झाला होता. विमान क्षणभर हवेत थबकले, डाव्या पंखावर कलले आणि जमिनीवर आदळले.

कोणी काही बोलले नाही. मग मागून एक मुलगा म्हणाला, ‘‘याला द्यायलाच नको होते.’’ मी ते ऐकले. मला वाटले, बोलावे. पण मी गप्प राहिलो. मलाही वाटत होते, की मुलाच्या हातून दांडी जास्त ओढली गेली असावी.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो मुलगा माझ्याकडे आला. त्याचे वडील यंत्रमागावर काम करतात. त्याने मुठीतल्या घडी घातलेल्या नोटा माझ्या टेबलावर ठेवल्या आणि खाली मान घालून तो म्हणाला, ‘‘सर, हे माझ्या ईदीचे पैसे आहेत. उरलेले मी हळूहळू देईन.’’ मी ते पैसे त्याला परत दिले. पण त्याच्या मनावरचे ओझे काही मला उतरवता आले नाही. त्यानंतर तो विज्ञान मंडळात येईनासा झाला.

आता, विमान पडल्यावर काय करावे ते सांगतो. प्रथम मोटरची दांडी शून्यावर आणावी. मग विमानाजवळ जाऊन बॅटरीची तार काढावी. ट्रान्समीटर त्यानंतर बंद करावा. हा क्रम चुकला तर मोटर अचानक फिरू शकते आणि प्रोपेलरने बोटे कापली जातात. या विमानांत लिथियमची बॅटरी वापरतात. मार लागलेली, फुगलेली किंवा चिरलेली लिथियम बॅटरी पुन्हा कधीही चार्ज करू नये. ती पेट घेऊ शकते. आम्ही आमची बॅटरी कोरड्या वाळूच्या लोखंडी डब्यात घालून उघड्यावर ठेवली आणि नंतर इलेक्ट्रॉनिक कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात दिली.

यानंतर सगळे तुकडे गोळा करावेत. अगदी नखाएवढा तुकडाही फेकू नये. मोडलेली फासळी निरुपयोगी दिसते, पण तिचे तुकडे जुळवून कागदावर ठेवले, की नवी फासळी कापण्यासाठी आयता नमुना मिळतो. आम्ही प्रयोगशाळेच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरले आणि प्रत्येक तुकडा त्याच्या मूळ जागी मांडला. डाव्या पंखाचा कणा मधोमध मोडला होता. आडव्या शेपटीला भेग पडली होती. नाक फाटले होते. प्रोपेलरचे एक पाते गेले होते. धडात ज्या फळीवर सर्व्हो बसवतात, तीही तुटली होती.

आमच्या गल्लीत सुतारकाम करणारे एक वयस्क चाचा राहतात. पंखाचा कणा कसा जोडावा हे विचारण्यासाठी मी त्यांना शाळेत बोलावले. त्यांनी चष्मा लावला आणि कण्याकडे पाहण्याआधी ती तुटलेली फळी हातात घेतली. तुटलेल्या कडेवरून बोट फिरवत ते म्हणाले, ‘‘मास्टरसाहेब, या फळीला मार मागून बसला आहे. हे पाहा, लाकडाचे तंतू पुढच्या बाजूला वाकले आहेत. फळीच्या मागे जड असे काय होते?’’

मी म्हणालो, ‘‘मागे काहीच नव्हते. बॅटरी तर फळीच्या पुढे, नाकाजवळ असते.’’

‘‘मग ती तिथे नव्हती,’’ चाचा शांतपणे म्हणाले.

मी नाकाजवळची जागा पाहिली. बॅटरी घट्ट बांधण्याचा वेल्क्रोचा पट्टा तिथेच होता. तो तुटला नव्हता. तो उघडा होता. पट्टा बांधणे हे त्या सकाळी माझे काम होते. मी बॅटरी ठेवली, तारा जोडल्या, मुलांशी बोलत राहिलो आणि झाकण लावले.

मित्रांनो, आता काय घडले असेल ते पायरीपायरीने पाहा. विमान वर चढताना त्याचे नाक वर होते. मोकळी बॅटरी धडाच्या तळावरून घसरत शेपटीच्या दिशेने सुमारे २० सेंटिमीटर मागे गेली. बॅटरीचे वजन १८० ग्रॅम होते. १८० ला २० ने गुणा. ३६०० येतात. त्याला विमानाच्या एकूण वजनाने, म्हणजे १३०० ने भागा. उत्तर सुमारे पावणेतीन येते. म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य पावणेतीन सेंटिमीटर मागे सरकला. असे विमान शेपटीकडे जड होते. दांडी थोडी ओढली तरी त्याचे नाक भलतेच वर जाते. नाक फार वर गेले, की पंखावरून नीट वाहणारी हवा पंखाला सोडून देते आणि पंख विमानाला उचलू शकत नाही. विमान जमिनीवर आदळून एकदम थांबले, पण आतली बॅटरी जडत्वामुळे पुढे येत राहिली आणि तिने फळीला मागून धडक दिली. जडत्वाचा नियम मी वर्गात अनेकदा शिकवला होता. त्या दिवशी तोच नियम माझ्याविरुद्ध साक्ष देत होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक माझी होती आणि मान दुसऱ्याची खाली गेली होती. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला बोलावून घेतले आणि विज्ञान मंडळाच्या सर्व मुलांसमोर तो उघडा पट्टा व तुटलेली फळी ठेवली. मी म्हणालो, ‘‘विमान याच्या हातून पडले नाही. ते माझ्या हातून पडले. आणि मैदानावर मी गप्प राहिलो, ही माझी दुसरी चूक.’’ मुले एकमेकांकडे पाहू लागली. ज्याने मैदानावर बोल लावला होता, तोही काही बोलला नाही. पण थोड्या वेळाने त्या मुलाशेजारी जाऊन तो बसला. आणि तो मुलगा? त्याने फळीचे दोन तुकडे उचलले, जुळवून पाहिले आणि विचारले, ‘‘सर, हे जोडायचे कधी?’’

आम्ही दर रविवारी कामाला बसू लागलो. कणा कसा जोडावा, हे चाचांनी शिकवले. मोडलेल्या पट्टीची दोन्ही टोके सरळ कापून एकमेकांना चिकटवली, तर जोड लवकर निखळतो. कारण डिंकाला धरायला जागा फार थोडी मिळते. म्हणून दोन्ही टोके लांब, तिरपी कापावीत. पट्टी एक सेंटिमीटर जाड असेल, तर तिरपा काप निदान आठ ते दहा सेंटिमीटर लांब असावा. जोडाच्या दोन्ही बाजूंना पातळ प्लायवूडच्या पट्ट्या लावाव्यात. मोडलेल्या हाताला डॉक्टर फळी बांधतात, तशाच या पट्ट्या. लाकडी कामाचा पांढरा डिंक आम्ही वापरला आणि जोडाला कपडे वाळत घालण्याचे चिमटे लावून ते रात्रभर तसेच ठेवले. झटपट चिकटणारा डिंक वापरताना फार जपावे लागते. त्याच्या वाफेने डोळे चुरचुरतात आणि बोटे एकमेकांना चिकटतात. तो मी स्वतःच वापरला.

प्रोपेलर मात्र आम्ही जोडला नाही. प्रोपेलर एका मिनिटात हजारो फेरे घेतो. जोडलेले पाते निसटले तर ते गोळीसारखे सुटते. म्हणून तडा गेलेला प्रोपेलर फेकून नवाच घ्यावा. दुरुस्ती करताना कोणती वस्तू जोडू नये, हेही समजले पाहिजे.

पंख जोडताना तो पिळला जाऊ नये, म्हणून आम्ही तो सपाट फळीवर टाचण्या लावून ठेवला. मग डाव्या पंखाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत दोरी धरली आणि तीच दोरी उजव्या पंखाला लावून पाहिली. दोन्ही अंतरे सारखी आली, तेव्हा पंख सरळ बसला हे कळले.

शेपटीचे काम सोपे वाटले होते, पण तिथेच आम्ही चुकलो. भेग पुन्हा उघडू नये, म्हणून मुलांनी भरपूर डिंक आणि लाकडाचा जाड तुकडा लावला. शेपटी दगडासारखी पक्की झाली. प्रयोगशाळेच्या तराजूवर ठेवली, तर तिचे वजन १६ ग्रॅमने वाढले होते. ‘‘सर, सोळा ग्रॅम म्हणजे किती?’’ एकाने हसत विचारले.

मी त्याला गणित करायला सांगितले. शेपटी गुरुत्वमध्यापासून ७० सेंटिमीटर दूर होती. नाकाजवळची मोकळी जागा २५ सेंटिमीटर दूर होती. १६ ला ७० ने गुणले, तर ११२० येतात. त्याला २५ ने भागले, तर जवळजवळ ४५ येतात. म्हणजे शेपटीवरच्या १६ ग्रॅमसाठी नाकात ४५ ग्रॅम शिसे घालावे लागले असते! मुलांचे हसू थांबले. त्यांनी तो जाड तुकडा काढला, वाळलेला डिंक पॉलिश पेपरने घासला आणि पातळ पट्टी लावून भेग पुन्हा जोडली. या वेळी वजन फक्त ५ ग्रॅमने वाढले. तेवढ्यासाठी शिसे लागलेच नाही. बॅटरीची जागा दोन सेंटिमीटर पुढे घेतली आणि हिशेब जुळला.

मित्रांनो, ‘वजन’ हा शब्द मराठीत आहे आणि तुमच्या उर्दूतही आहे. उर्दूच्या तासाला तुम्ही शेराचे वजन तपासता. एखादा शब्द कितीही सुंदर असला, तरी तो जास्तीचा झाला, की शेराचे वजन बिघडते आणि शेर पडतो. विमानाचेही अगदी तसेच आहे.

शेपटीचे महत्त्व माणसाला फार पूर्वी कळले. नवव्या शतकात स्पेनमधील कुर्तुबा शहरात अब्बास इब्न फिरनास नावाचे विद्वान राहत होते. त्यांनी पंख लावून उडण्याचा प्रयत्न केला. इतिहासकार अल-मक्करी यांनी लिहून ठेवले आहे, की ते काही अंतर उडाले, पण उतरताना त्यांच्या पाठीला इजा झाली. कारण पक्षी उतरताना शेपटीचा आधार घेतो हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते आणि त्यांनी शेपटी केली नव्हती.

शेवटी आवरणाचे काम उरले. मूळ आवरण पांढरे होते. तसा तुकडा मिळाला नाही, म्हणून डाव्या पंखावर आम्ही हिरवा तुकडा लावला. इस्त्री माफक गरम केली, आधी कडा चिकटवल्या आणि मग मधला भाग ताणला. पांढऱ्या पंखावर ते हिरवे ठिगळ दुरूनही दिसत होते.

उडवण्याआधी तपासणी करायची होती. आम्ही प्रोपेलर काढून ठेवला आणि सर्व्हो तपासले. विमान उजवीकडे कलवायचे, तर उजव्या पंखाची पट्टी वर आणि डाव्या पंखाची खाली जायला हवी. दुरुस्तीत तारांची अदलाबदल झाली, तर नेमके उलटे होते आणि विमान उडताच पडते. मग दोन्ही पंखांखाली, पुढच्या कडेपासून साडेसहा सेंटिमीटरवर, बोटे ठेवून विमान उचलले. नाक किंचित खाली झुकून ते स्थिर राहिले. त्यानंतर ट्रान्समीटर दूर नेऊन संदेश किती अंतरावरून पोचतो तेही पाहिले. आपल्या देशात २०२१ साली ड्रोन नियम लागू झाले. रिमोटवरच्या विमानालाही नियम असतात. म्हणून ठरवलेली जागा मनाई असलेल्या हद्दीत नाही ना, याची खात्री मी करून घेतली.

पुन्हा तेच शेत, पुन्हा रविवारची सकाळ. मी झाकण लावणार, एवढ्यात तो मुलगा म्हणाला, ‘‘सर, थांबा.’’ त्याने आत हात घातला, पट्टा ओढून पाहिला आणि मान डोलावली. मी मनातल्या मनात म्हणालो, विमान आता खरे दुरुस्त झाले.

विमान वाऱ्याच्या समोर धावले आणि उचलले. उंची आल्यावर मी ट्रान्समीटर त्याच्या हाती दिला. त्याचे हात थरथरत होते. त्याने दांडी हळूच ओढली. नाक थोडे वर आले आणि त्याने सोडताच सरळ झाले. विमानाने शेतावर दोन मोठ्या फेऱ्या घेतल्या. हिरवे ठिगळ उन्हात चमकत होते. उतरताना विमान दोनदा उसळले, पण मोडले नाही.

परत येताना मी मुलांना राइट बंधूंची हकीकत सांगितली. १४ डिसेंबर १९०३ रोजी विल्बर राइट यांनी आपले विमान उडवून पाहिले. नाक प्रमाणापेक्षा जास्त वर गेले आणि अवघ्या साडेतीन सेकंदांत विमान खाली आले. पुढचा भाग मोडला. दोघा भावांनी तो दुरुस्त केला आणि १७ डिसेंबरला ऑर्व्हिल राइट १२ सेकंद उडाले. त्याच दिवशी चौथ्या खेपेस विल्बर ५९ सेकंद उडाले. जगातले ते पहिले यशस्वी विमान तीन दिवसांपूर्वी पडलेले विमान होते!

यावर तो मुलगा म्हणाला, ‘‘अब्बा सांगतात, धागा तुटला की आधी माग थांबवावा. तुटलेला धागा शोधून गाठ मारावी, मगच माग सुरू करावा. नाहीतर सगळे कापड बिघडते.’’ मित्रांनो, जी गोष्ट सांगायला मला एवढा मोठा पाठ लागला, ती त्याने तीन वाक्यांत सांगितली.

शब्दार्थ
कणा – पाठीचे मुख्य हाड. येथे, पंखाची मुख्य पट्टी
फासळी – बरगडी
आवरण – वरचे आच्छादन
गुरुत्वमध्य – ज्या बिंदूवर वस्तूचा तोल साधतो तो बिंदू
जडत्व – आहे त्याच स्थितीत राहण्याचा वस्तूचा गुणधर्म
निखळणे – सुटून वेगळे होणे
ठिगळ – फाटलेल्या जागी लावलेला तुकडा
भेग – चीर, फट

वाक्प्रचार
मान खाली जाणे – लाज वाटणे
बोल लावणे – दोष देणे
साक्ष देणे – खरे काय ते सांगणे

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) विमान कोणत्या लाकडाचे होते?
(आ) विद्यार्थ्याने टेबलावर कोणते पैसे ठेवले?
(इ) चाचांनी फळीवरून काय ओळखले?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) मार लागलेली लिथियम बॅटरी पुन्हा चार्ज करू नये.
(आ) लाकडाचा जोड तिरपा घ्यावा.
(इ) मुलांनी शेपटीला लावलेला जाड तुकडा काढून टाकला.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ‘विमान आता खरे दुरुस्त झाले’ असे लेखकाला का वाटले?
(आ) मैदानावर लेखक गप्प राहिले नसते, तर काय घडले असते?

प्र. ४. वजन, हवा, जमीन, कागद, नजर, जखम हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

उपक्रम – एक फाटलेला पतंग घ्या. एका बाजूला लहान आणि दुसऱ्या बाजूला मोठे ठिगळ लावून तो उडवून पाहा. तो कोणत्या बाजूला कलतो व का, ते वहीत लिहा.